भर देवळात मराठीतून रागावणे

मी अत्यंत शांत आई आहे. कुंभकोणममध्ये हे फक्त मलाच माहीत आहे.

"मुलगी मोठी झाली, आता तिच्या कलानं घे," असं नवऱ्यानं बजावलं आणि मी "हो" म्हटलं. (दातओठ खात!) कारण आमच्या यमूनं बँकेच्या परीक्षेचा क्लास सोडून यात्रेकरूंना देवळं दाखवायचं ठरवलं होतं. त्या दिवशी तिचे पहिलेच पाहुणे होते. ते खूश झाले, तरच ट्रॅव्हल्सवाला तिला कामावर ठेवणार होता.

मी मुकाट्यानं घरी बसणार होते. पण बाईसाहेब इडल्यांचा डबा विसरून गेल्या! (आईला बाहेर पडायला एवढं पुरतं.) जवळच्याच तिरुनागेश्वरमच्या देवळात पोचले, तर ही उपाशीपोटी, रणरणत्या उन्हात, एका नवरा-बायकोला आणि मोबाईलमध्ये डोकं घातलेल्या त्यांच्या मुलीला गोपुर दाखवत उभी. माझं टाळकंच सटकलं.

आमचे पूर्वज इथे मराठ्यांचं राज्य होतं तेव्हा आलेले, आणि आमची घरातली मराठीही तेव्हाचीच. बाहेर सगळा व्यवहार तमिळमध्ये. पण चारचौघांत मुलांना झापायचं असलं की मराठी! इथे कुणाला कळतंय? वर तोंडभर हसत झापायचं. लोकांना वाटतं, कौतुक चाललंय.

"यमे, न जेवतां उन्हांत कोठें फिरतीस?" मी हसत हसत सुरुवात केली.

"अम्मा, उगी राहा!"

"कां राहूं? ह्या ढोल्यास देऊळ दाखवायास तुजला शिकविलें? आन् त्याची लेंक पाहा, देवापुढें फोन! आईबापांस अक्कल नाहीं!"

"अय्यो अम्मा, ते सोलापूरचे आहेत!"

त्या गृहस्थांनी घसा खाकरला. "नमस्कार ताई. तो ढोल्या मीच."

राहूचंच देऊळ ते. त्यानं मला गिळायला हरकत नव्हती. यमूच्या डोळ्यांत पाणी तरारलं. तिचं काम बुडालं, आणि मीच बुडवलं! मला स्वतःचा असा संताप आला, की डबा तिथेच आपटावासा वाटला.

तेवढ्यात त्यांची बायको म्हणाली, "अगंबाई, किती गोड हो तुमचं बोलणं! पोथी वाचल्यासारखं! आमच्या हिलाही रागवा ना. आमचं मेलं ऐकतच नाही."

(मी जीव तोडून भांडतेय, आणि हिला पोथी ऐकू येतेय!)

"फोन आंत ठेव!" मी त्या पोरीवर खेकसले. तिनं चक्क ठेवला!

यमूला काम मिळालं. मीही आता भलतीच समजूतदार झालेय. दर रविवारी तिच्याबरोबर जाते आणि पाहुण्यांच्या आग्रहावरून त्यांच्या मुलांना रागावते. सगळी ऐकतात. यमू मात्र अजून डबा घरीच विसरते.