पांढऱ्या उजेडात बहिणीचा फोटो

उमरग्यात आमचं घर हायवेपासून आत, तिसऱ्या गल्लीत आहे. बाजारातला भाड्याचा गाळा सोडला तेव्हा मी समोरच्या खोलीतच स्टुडिओ मांडला. सोळा फूट लांब, नऊ फूट रुंद खोली. एक खिडकी, ती पत्रा ठोकून बंद केली. मागच्या भिंतीला पांढरा रंग दिला आणि वाटलं, झालं काम.

झालं नव्हतं. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "मागं एकदम पांढरं पाहिजे, दुधासारखं." पासपोर्टला तसंच लागतं, लग्नाच्या बायोडाट्यालाही आता तसंच लागतं. पण माझी पांढरी भिंत फोटोत राखेसारखी यायची. दिवा वाढवला तर माणूसच भाजल्यासारखा दिसायचा. बाकीचे लोक कंप्युटरवर माणूस कापून पांढऱ्यावर चिकटवायचे. त्यात केसांच्या कडा कात्रीनं कातरल्यासारख्या दिसतात. मला ते नको होतं, मला ते उजेडानं करायचं होतं.

दोनेक महिन्यांनी कळलं की भिंतीला तिचा उजेड वेगळा द्यावा लागतो आणि माणसाला त्याचा वेगळा. दोन दिवे दोन्ही बाजूंनी भिंतीवर, तिसरा छत्रीतून माणसावर. माणूस भिंतीपासून चांगला सात फूट पुढं. भिंत चेहऱ्यापेक्षा उजळ पाहिजे, पण जरा उजळ, फार नाही. फार झाली की भिंतीवरचा उजेड उलटून येतो आणि माणसाच्या कडा खातो. आधी कान जातात, मग गालाची रेघ, मग खांदे. ते होऊ नये म्हणून मी स्टुलाच्या दोन्ही बाजूंना काळं घोंगडं टांगलं होतं, म्हणजे मागून येणारा उजेड तिथंच मरावा.

हे सगळं बसवायचं तर समोर कुणीतरी बसावं लागतं. माझी धाकटी बहीण बसायची. माझ्याहून सात वर्षांनी लहान, बीएस्सी होऊन घरीच होती. मी फोटो काढायचा, ती स्टुलावरून उठून कॅमेऱ्याच्या पडद्यात बघायची आणि सांगायची, "अण्णा, कान गेला माझा. डावा दिवा कमी कर." चार-पाच महिन्यांत तिला माझ्याइतकंच कळायला लागलं होतं. कुठला दिवा काय करतो, घोंगडं किती पुढं सरकवायचं, सगळं.

तिला कोड होतं. एकोणीस वर्षांची असताना डाव्या कानाखाली वालाच्या दाण्याएवढा ठिपका उठला. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, "लागण होत नाही, जिवाला धोका नाही, औषध घेत राहा." आमची अव्वा, म्हणजे आई, तिचं माहेर आळंदकडचं, कानडी मुलखातलं. तिनं बहिणीचं दही तोडलं, लिंबू तोडलं, सोमवार धरायला लावले. ठिपका जबड्यावरून हनुवटीपर्यंत आला. मग बोटांच्या पेरांवर, मग ओठाच्या कोपऱ्यात जरासा. बाहेर जाताना ती ओढणी कानावरून घट्ट गुंडाळून घ्यायची. वैशाखातसुद्धा.

फक्त त्या समोरच्या खोलीत ती ओढणी काढून स्टुलावर बसायची. मी तिच्याकडं बघायचो ते दिव्यांसाठी, डागांसाठी नाही. हे तिला आवडत असणार असं मला आता वाटतं. तेव्हा मी विचारही केला नव्हता.

नात्यातल्या एका मामांनी माकणीचं स्थळ आणलं. धरणाच्या पाण्यावर भिजणारी शेती, मुलगा पुण्यात कंपनीत. मामा म्हणाले, "आधी मोबाईलवर फोटो पाठवा. पसंत पडला तर येतील."

त्या दिवशी बहीण गिरणीवर गेली होती. अव्वा समोरच्या खोलीत आली. एरवी ती तिथं येत नसे, वायरीत पाय अडकतो म्हणायची. दारातच थांबली.

"डाग दिसू नये असा काढ," ती म्हणाली.

"अव्वा, आपण सांगून टाकू की."

"सांगून? मागल्या दोघांना सांगितलं. एकानं तरी फोटो उघडून बघितला का? आधी तोंड तर बघू दे कुणाला पोरीचं. घरला आल्यावर माणूस बघतील, रीत बघतील, मग काय ते ठरवतील."

मी गप्प राहिलो. अव्वाच्या बोलण्यात चूक दाखवता येत नव्हती म्हणून गप्प राहिलो, असं मी पुढं बरेच दिवस स्वतःला सांगत आलो. पण खरं असं आहे की ती बोलत असतानाच माझं डोकं कामाला लागलं होतं. हे उजेडानं कसं जमेल याचा मी हिशेब मांडत होतो. कंप्युटरला हात न लावता. मला ते जमणार होतं आणि जमणार याचा आनंदही वाटत होता. हे लिहायला जड जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहीण जांभळी साडी नेसून आली. ओठाच्या कोपऱ्यावर लिपस्टिक नीट लावली होती. मी स्टूल उचलून भिंतीपासून अडीच फुटांवर नेलं. भिंतीवरचे दोन्ही दिवे वाढवले. छत्रीचा दिवा डावीकडं वर घेतला. मग दोन्ही बाजूंचं घोंगडं खुंटीवरून काढलं आणि घडी करून कोपऱ्यात ठेवलं.

ती उभीच होती. सगळं बघत होती.

"अण्णा, घोंगडं काढलंस व्हय?"

"व्हय."

तिनं स्टुलाकडं बघितलं. "बरं," म्हणाली आणि बसली.

मी फोटो काढले. मागून आलेल्या उजेडात तिच्या जबड्याची डावी कड विरघळून गेली होती. डाग कुठं संपतो आणि पांढरी भिंत कुठं सुरू होते, ते सांगता येत नव्हतं. चेहरा उजळ, डोळे मोठे, केसांभोवती उजेडाची रेघ. गिऱ्हाइकाला बघताक्षणी आवडेल असा फोटो. नेहमीसारखी ती पडद्यात बघायला आली नाही. साडी बदलायला आत गेली.

आठ दिवसांत माकणीची माणसं आली. मुलगा, त्याचे आईवडील आणि स्थळ आणणारे आमचे मामा. दुपारची वेळ होती. समोरच्या खोलीतले दिवे, स्टँड बाजूला सारून मी सतरंजी टाकली होती. बहीण पोह्याच्या बश्या घेऊन आली. ओढणी नव्हती, साडीचा पदर नुसता खांद्यावर होता. अव्वानं डोक्यावरून घे म्हणून सांगितलेलं मी ऐकलं होतं. तिनं घेतला नव्हता.

मुलाच्या आईनं बशी हातात घेतली. मग तिच्या बोटांकडं बघितलं, मग मानेकडं, हनुवटीकडं. बशी खाली ठेवून तिनं पिशवीतला मोबाईल काढला आणि फोटो उघडला. एकदा फोटोकडं, एकदा माझ्या बहिणीकडं. बाहेर गल्लीतून भंगारवाल्याची हाळी चालली होती.

"फोटो कुणी काढला?" त्या बाईंनी विचारलं.

"माझ्या लेकानंच," अव्वा म्हणाली. तिच्या तोंडून ते सवयीनं निघून गेलं.

"चांगला काढला हाय," बाई माझ्याकडं बघून म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

मुलाच्या वडिलांनी पाऊसपाण्याचं विचारलं, हायवेला घर किती लांब पडतं ते विचारलं. पोहे सगळ्यांनी खाल्ले. चहा घेतला. मुलगा एकदाच मान वर करून बहिणीला म्हणाला, "विषय कोणता होता तुमचा?" ती म्हणाली, "केमिस्ट्री." मग ते उठले. जाताना बाईंनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं.

मामांचा फोन चौथ्या दिवशी आला. स्पीकर चालू होता, त्यामुळं आम्ही तिघांनीही ऐकलं.

"ते नको म्हणाले. मुलाचे वडील म्हणले, आधी सांगितलं असतं तर आमी विचार केला असता. पोरगी चांगली हाय. पण फोटोत एक आणि घरात एक, असं ज्यांनी केलं त्यांच्यात सोयरीक न्हाय करायची."

अव्वा कानडीत काहीतरी बोलली आणि भिंतीला टेकून बसली. मी बहिणीकडं बघितलं.

"खरंच विचार केला असता का गं?" मी विचारलं.

"मला काय म्हाईत, अण्णा," ती म्हणाली. "आता ते कुणालाच कळायचं न्हाय."

त्यानंतर ती समोरच्या खोलीत आली नाही. आमच्या घराला मागून न्हाणीजवळ एक दार आहे, ती तिथूनच जा-ये करायला लागली. गल्लीला वळसा पडायचा, तरी. एकदा जेवताना म्हणाली, "तो फोटो काढून टाक." मी तिच्यासमोर कंप्युटरवरून काढला, मोबाईलवरूनही काढला. पण मामांकडून तो आणखी कुठं कुठं गेला होता. चार महिन्यांनी आळंदकडच्या एका घरातून फोन आला. कुणीतरी फोटो पाठवला, मुलगी फार आवडली, कधी येऊ? फोन अव्वानं उचलला होता. काय बोलावं ते तिला सुचेना. बहिणीनं तिच्या हातातून मोबाईल घेतला.

"नमस्कार. मी फोटोतली मुलगी बोलते. मला कोड हाय. तोंडावर हाय, मानेवर हाय, हातावर हाय. फोटोत दिसत न्हाय, ते माझ्या भावाचं काम हाय. तो फोटो तुमीपण काढून टाका."

तिकडून काय उत्तर आलं ते तिनं ऐकून घेतलं. "न्हाय, राग न्हाय," म्हणाली आणि मोबाईल अव्वाच्या मांडीवर ठेवला. मी दारात उभा होतो. माझ्या भावाचं काम, हे शब्द तिनं काही जोर देऊन म्हटले नव्हते. माझा पत्ता सांगावा तसं सांगितलं होतं.

त्या वर्षी तिनं लातूरला एका लॅबमध्ये अर्ज केला. रक्त-लघवी तपासायचं काम. अर्जाला फोटो लागतोच. एक दिवस म्हणेल, काढून दे, म्हणून मी वाट बघत होतो. स्टूल सात फुटांवर ठेवून घोंगडंही लावून ठेवलं होतं. अव्वाला विचारलं, तिचा फोटो कधी काढायचा? अव्वा म्हणाली, "अर्ज कवाच गेला की."

ती लातूरला राहायला गेली. दर रविवारी फोन करते, अव्वाच्या बीपीच्या गोळ्यांचं विचारते, माझ्याशीही बोलते. उन्हाळा कसा आहे, कामं आहेत का, असं. आमच्यात भांडण नाही. भांडण असतं तर मिटवता आलं असतं.

मागच्या दिवाळीला ती दोन दिवस आली होती. गळ्यातलं ओळखपत्र काढून बाजेवर टाकलं आणि हात धुवायला गेली. मी ते उचलून बघितलं. समोरून थेट फ्लॅश मारलेला फोटो. मागची भिंत करडी, एका बाजूला तिच्याच डोक्याची गडद सावली. आणि जबड्यावरचा डाग कानापासून हनुवटीपर्यंत स्वच्छ, नकाशावरच्या नदीसारखा. आधी मला करडी भिंत दिसली, मग सावली दिसली, आणि बहीण सगळ्यात शेवटी.

ती पदराला हात पुसत आली.

"कुठं काढला?" मी विचारलं.

"एसटी स्टँडसमोर. दोन मिनिटांत देतो तो."

"बॅकग्राउंड करडं आलंय," मी म्हणालो. एवढ्या वर्षांत तिच्याशी बोलायचं राहून गेलेलं इतकं होतं, आणि तोंडातून हे निघालं.

ती जरा हसली. "त्यानंपण विचारलं होतं, साफ करून देऊ का म्हणून. मी म्हणलं, राहू द्या."

मग तिनं कार्ड माझ्या हातातून घेतलं, पिशवीत टाकलं आणि अव्वाला करंज्या तळायला मदत करायला आत गेली. त्या दोघी कानडीत बोलत होत्या. तेलाचा चुरचुर आवाज येत होता. मी बाजेवर तसाच बसून राहिलो. आत जाऊन तिची माफी मागावी असं वाटत होतं. पण कशाची मागायची, डाग झाकल्याची की तो झाकताना मला आनंद झाला त्याची, हे मला ठरवता येईना. भाऊबीज झाली. तिसऱ्या दिवशी सकाळच्या लातूर गाडीनं ती गेली.