शालनमावशीचं नाव

हे लिहायला तीनदा बसलो आणि तीनदा उठलो. घरात कुणाला माहीत नाही, बायकोलाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

मी खानापूर तालुक्यातला, आठवीतून शाळा सोडलेला. आमच्याकडची माणसं गावोगाव गलाई करतात — सोनारांकडची मोड, चुरा भट्टीत गाळून शुद्ध सोनं काढून देतात. करोल बागेत आमची अख्खी गल्लीच आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, मला इथं आणलं, भट्टीवर काम शिकवलं, राहायला जागा दिली. आज जो काही आहे तो त्यांच्यामुळे. हे उगाच म्हणत नाही.

आणि शालनमावशी. नात्यानं कुणी नाही. तिचा नवराही गलाईतलाच. तो गेल्यावर ती गावी न परतता इथंच खानावळ चालवू लागली. पहिल्या वर्षी मला कावीळ झाली तेव्हा महिनाभर तिनं पथ्याचं करून घातलं. दिवाळीला ती महिनाभर गावी जायची, तेव्हा खोलीची किल्ली माझ्याकडे द्यायची. तुळशीला पाणी घालायला.

तिला राजकारणाचं भारी वेड. गल्लीत पाण्याची लाइन ज्यांनी आणली त्या पक्षाची ती, आणि ते लपवायची नाही. त्यांची पोरं प्रचाराला आली की खानावळीत चहा. आम्ही भट्टीवाले सगळे समोरच्या पक्षाचे. धुरावरून भट्ट्यांना सील लागायची धास्ती, आणि समोरच्यांच्या उमेदवारानं अण्णांना शब्द दिलेला. मावशी वाढता वाढता टोमणे मारायची. "तुमच्या सायबाला म्हणावं, निवडणूक सोडून एकदा तरी गल्लीत ये. वाट तरी ठाऊक हाय का त्याला?" आम्ही हसायचो. अण्णाही हसायचे.

मग विधानसभा जवळ आली. उमेदवाराचा माणूस दुकानात येऊन सगळ्यांदेखत अण्णांना म्हणाला, "अण्णाजी, आपकी गली की रसोई तो उधर वालों का दफ़्तर बनी हुई है।" अण्णांचा चेहरा पडला. मला तो बघवला नाही.

मतदार यादी दुरुस्तीचे दिवस होते. त्या माणसानं मला नावं दिली — कोण वारलेत, कोण घर सोडून गेलेत. त्यांची नावं वगळा, असा अर्ज त्याच भागातल्या मतदारानं सही करून द्यायचा असतो. माझं नाव यादीत, अक्षर बरं, हिंदी लिहिता येतं. मी दहा अर्ज भरले. दहाही खरे.

अकरावा मावशीचा.

तुम्हाला वाटेल, अण्णांनी सांगितलं असेल. नाही. मग त्या माणसानं? त्यानं दिलेल्या नावांत तिचं नाव नव्हतंच. मी घातलं. कारण म्हणून लिहिलं — कायमची गावी गेली. त्यानं अर्ज चाळले, त्या एका अर्जाशी थांबला, हसला. "तू तो काम का आदमी निकला।" आणि मला — काय सांगू — बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं अण्णांपाशी माझी तारीफ केली. कशाबद्दल ते अण्णांना कळलं नाही, पण त्यांचा चेहरा खुलला.

अर्जाच्या चौकशीला निवडणूक कचेरीतला माणूस आला तेव्हा मावशी दिवाळीला गेलेली, दाराला कुलूप. मीच समोर उभा.

"माताजी कहाँ हैं?"

"गाँव गईं।"

"लौटेंगी?"

किल्ली माझ्या खिशात होती.

"पता नहीं।"

पुढं तिच्या दाराखालून एक सरकारी नोटीस आत सरकवलेली सापडली. तुळशीला पाणी घातलं. नोटीस भट्टीत टाकली.

मतदानाच्या दिवशी मी पक्षाच्या टेबलावर चिठ्ठ्या शोधून देत होतो. मावशी इरकल नेसून, वर शाल घेऊन आली. तिच्या पक्षाच्या पोरांना नाव सापडेना म्हणून माझ्याकडे आली — "तू बघ रे, ती पोरं आंधळी हायत." मी यादी उलटत राहिलो. तिच्या पानावर बोट खाली नेलं, वर आणलं. काय शोधत होतो मी? ती वाकून बघत होती, माझ्या बोटाकडे.

ती केंद्रात गेली आणि परत आली. हातात कार्ड तसंच. "मी हाय, कार्ड हाय, आन् नाव न्हाई म्हणत्यात." मग स्वतःशीच — "दिवाळीला लई दिस ऱ्हायले गावाकडं. माझंच चुकलं." मला म्हणाली, "तू तरी किती शोधशील, बाबा. बस."

मतदानाच्या दिवशी तिच्या खानावळीत शिरा असायचा. पक्ष कुठलाही असो, बोटाची शाई दाखवेल त्याला. त्या दिवशीही तिनं केला. "बोट दाव," म्हणाली. मी दाखवलं. तिनं वाढलं. तिचं बोट कोरं होतं, नखाशी थोडा रवा चिकटलेला. मी दुसऱ्यांदाही घेतला. नको म्हणालो असतो तर तिनं का म्हणून विचारलं असतं.

उमेदवार भरपूर मतांनी निवडून आला. एका मतानं काय होतं — असं मी पुष्कळ दिवस मनाशी म्हणायचो. पण ते काय खरं? ते मत मोजायचं मी कोण?

नंतर नाव पुन्हा घालायचा अर्ज तिनं माझ्याकडूनच भरून घेतला. तुझं अक्षर चांगलं, म्हणाली. त्याच अक्षरात भरला. नाव आलं.

या दिवाळीलाही ती गावी निघाली. रिक्षात बसता बसता किल्ली माझ्या हातावर ठेवली. मी घेतली.