मावशीच्या कार्डावरची दुखणी

फोन मावशीच्या शेजारणीचा, विमलताईंचा होता. "दादा, मावशी गेल्या... चहा घेऊन गेले, आवाज दिला, तर उठल्याच नाहीत." मी जबलपुरात, राइट टाउनमधल्या आमच्या कॉलेजच्या वाचनालयात होतो. समोरचं पुस्तक मिटलं, खूण ठेवायची राहूनच गेली. त्याला आता दीड महिना झाला. स्कूटरवरून महाराजपूरला मावशीच्या घरी पोचेपर्यंत डोक्यात एकच गोष्ट घोळत होती... आज मंगळवार, मावशीचा डिस्पेन्सरीचा दिवस.

सुमनमावशी माझ्या आईची धाकटी बहीण. लग्न होऊन अमरावतीकडून जबलपूरला आली. काका इथं संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत होते. मूलबाळ नव्हतं. काका गेल्यावर तिच्याकडे पेन्शन राहिली आणि केंद्र सरकारचं हेल्थ कार्ड राहिलं. या कार्डाचं तिला फार अप्रूप होतं. ताप असो नसो, मंगळवारी इस्त्रीची साडी नेसायची, कापडी पिशवीत कार्ड आणि पाण्याची बाटली टाकायची आणि ऑटोत बसायची. डिस्पेन्सरीतले डॉक्टर दुबे तिचं बीपी बघत, चार शब्द बोलत. "दुखत नसतानाही आपल्याला ओळखते, असा एक डॉक्टर पाहिजे रे माणसाला," ती म्हणायची. माझ्याकडे कॉलेजनं काढून दिलेला मेडिक्लेम होता, पण असा डॉक्टर नव्हता. एकदा खोकला काही केल्या जाईना. मावशी म्हणाली, "काहून खोकून राहिला? दाखवलं का कोणाला?"

"पॉलिसी आहे मावशी. दवाखान्यात भरती झालो तर सगळा खर्च मिळतो."

"पॉलिसी छाती तपासते का? मग खोकत खोकत पोच भरतीपर्यंत!"

पुढच्या मंगळवारी ती डॉक्टर दुब्यांसमोर माझ्यासारखी खोकली आणि माझ्यासाठी सल्ला घेऊन आली. गल्लीतल्या इतरांसाठीही ती हेच करायची, हे मला फार उशिरा कळलं. औषध तिनं कधी कोणाला दिलं नाही, पण दुखणी मात्र सगळ्यांची आपल्या अंगावर घेऊन जायची.

विमलताईंचं दुखणं यातलं सगळ्यात मोठं. त्या घरी ब्लाउज शिवतात, नवरा ऑटो चालवतो. त्यांना शुगर होती, आणि शिलाई मशीनच्या पायडलवर घासून पायाच्या करंगळीजवळ झालेली जखम भरत नव्हती. त्यांच्याकडे आयुष्मान कार्ड होतं. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून साड्यांच्या घडीत ठेवलेलं. "ते भरतीवर चालते मावशी," त्या शांतपणे सांगायच्या, "अजून भरतीएवढं झालं कुठं?" आंबा पाडाला लागायची वाट बघावी, तशी त्या जखम मोठी व्हायची वाट बघत होत्या. आमच्याकडे कितीतरी लोक अशीच वाट बघतात. मीही तेच करत होतो. मावशीला मात्र त्या पायाची धास्ती बसली होती. तिच्या माहेरच्या गावी अशाच जखमेपायी एका बाईचा पाय गेलेला तिनं पाहिला होता.

एका मंगळवारी ऑटो मिळेना, म्हणून मीच तिला स्कूटरवर डिस्पेन्सरीत नेलं. तिनं जखमेचं वर्णन सुरू केलं. कडा काळी पडली आहे, दुखतसुद्धा नाही... डॉक्टर म्हणाले, "चप्पल उतारिए." पाय लख्ख होता.

"घाव कहाँ है, माताजी?"

"भर गया."

"बात करते-करते?" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "पिछली बार आपको खाँसी थी, छाती साफ थी. उसके पहले माहवारी की तकलीफ थी, इस उमर में! अब बताइए, ये पैर किसका है?"

मावशीनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग चपलेकडे. "पड़ोसन का. उसका कार्ड भरती पर चलता है जी, मेरा रोज चलता है."

डॉक्टर हसले नाहीत. "मैं आपको शुगर की गोली लिख देता तो? पैर को दिखाने ले जाइए, उसकी कहानी को नहीं." अधारतालकडच्या सरकारी क्लिनिकचं नाव त्यांनी सांगितलं. तिथं रोज डॉक्टर बसतात, कार्ड कोणी विचारत नाही. मावशी ऑटोतून त्याच्यासमोरूनच जायची. तिला वाटायचं, तिथं फक्त बाळांना लस टोचतात. मलाही तसंच वाटायचं.

दुसऱ्या दिवशी ती विमलताईंच्या दारात उभी राहिली. "मशीनीवर काम पडून आहे मावशी, उद्या पाहू ना."

"आज दाखवायला दे पाय, नाहीतर उद्या कापायला देशील. चल, उठ!"

क्लिनिकमधल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली, शुगर तपासली, गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "अच्छा हुआ, अभी आ गईं." मग ड्रेसिंगसाठी दोघींच्या फेऱ्या सुरू झाल्या. पावसाळा सरता सरता जखम भरली. करंगळी शाबूत राहिली. ते कार्ड आजही साड्यांच्या घडीतच आहे, आणि ते तिथंच राहावं.

मागच्या वर्षी मावशीनं डॉक्टर दुब्यांना सांगितलं, जिना चढताना धाप लागते. त्यांनी सवयीनं हसून विचारलं, "ये किसका है, माताजी?"

"ये वाला मेरा है."

आवाजातला फरक त्यांना लगेच कळला. त्याच दिवशी त्यांनी तिला मोठ्या इस्पितळात पाठवलं. हृदयाची झडप बिघडली होती. वयामुळे ऑपरेशन टाळलं, औषधांवर निभावलं. त्यानंतर ती आम्हाला वर्षभराहून जास्त लाभली. एकदा नर्मदेवरच्या भेडाघाटला जाऊन आली, नावेत बसून नावाड्याशी भांडलीसुद्धा. इतकी वर्षं कोणीतरी तिला दर मंगळवारी बघत होतं, म्हणून हे वर्ष मिळालं, असं मला वाटतं. आता मीही त्याच क्लिनिकमध्ये जातो. डॉक्टरीणबाई मला नावानं ओळखतात.

गेल्या मंगळवारी मावशीची खोली आवरायला गेलो, तर दारामागच्या खिळ्यावर तिची पिशवी नव्हती. कुठं गेली असेल म्हणून शोधत होतो, तेवढ्यात विमलताई आल्या. पिशवी त्यांच्या खांद्याला होती, आणि मागे गल्लीतल्या म्हाताऱ्या कमलाबाई, ताज्या पट्टीचा हात छातीशी धरून. "यांचा हात भाजला होता दादा, घरीच हळद लावून बसल्या होत्या," विमलताई म्हणाल्या. "डॉक्टरीणबाईनं विचारलं, क्या तकलीफ है? मी म्हटलं, मेरी नहीं, इनकी है. साथ में लाई हूँ."

त्यांनी पिशवी पुन्हा खिळ्याला अडकवली. तिचा तळ ओला झाला होता. आतल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण मावशी होती तेव्हापासूनच नीट लागत नाही.