एक नंबरची डबी

नाटक कंपनीत तिला सगळे डबीताई म्हणत. नटांच्या कमरेला बांधायच्या बिनतारी माइकच्या बारा डब्या तिच्या ताब्यात. प्रत्येकीवर पांढरी चिकटपट्टी आणि पट्टीवर काळा आकडा. ज्याचा जो आकडा, तोच आवाज साउंडवाला आपल्या टेबलावरून उघडायचा. आकडा डबीच्या आतच ठरलेला, पट्टी नुसती ओळखीपुरती. इतकं सोपं, पण नटमंडळींना कळेल तर शपथ. कुणी डबी बाथरूममध्ये विसरे, कुणी पट्टी कुरतडत बसे. डबीताईच्या मते सगळा बिनडोकांचा बाजार, आणि हे ती तोंडावर सांगायची.

एक नंबरची डबी तिच्या मामांची. ते बापाचं काम करत. वयाने आवाज बसलेला, म्हणून कोपरा तडकलेली, पण सगळ्यांत भरवशाची डबी त्यांना. मॅनेजरने बजावलं होतं, "पुन्हा ऐकू येत नाही अशी ओरड झाली, तर मामांचं काम दुसऱ्याला."

हिरोला सात नंबर. "मी काय सातवा?" म्हणून महाशय आठवडाभर फुगलेले. नाचता येईना अंगण वाकडं. याला संवाद आठवेना, तर नंबर वाकडा.

त्या दिवशी ती सेल आणायला गेली, तेवढ्यात दोघांनी आपापल्या डब्या बांधून घेतल्या. परत येऊन बघते तर हिरोच्या कमरेला एक, मामांच्या कमरेला सात. पडदा उघडायला दोन मिनिटं. तिचं डोकंच फिरलं. मामांची डबी ढापतो मेला.

"अहो, ऐका तरी," हिरो म्हणाला.

"चोर तो चोर, वर शिरजोर," म्हणत तिने दोन्ही डब्या सोडल्या आणि अदलाबदल करून बांधल्या. सात आकड्याची डबी उलटून बघितली असती तर मामांच्या डबीचा तडकलेला कोपरा दिसला असता. पण हिरोचं ऐकून डबीताई काही बघणार? छे.

पडदा उघडला. मामांचे ओठ हलले आणि नाट्यगृहभर विंगेतल्या हिरोचा आवाज घुमला, "या बाईला आधी हाकला. मी फक्त पट्ट्या बदलल्या होत्या, डब्या नाही."

प्रेक्षक खो खो हसले. साउंडवाल्याने धडपडत सात नंबर उघडला, पण स्पीकर प्रेक्षकांकडे तोंड करून, त्यामुळे मामांना शब्द कळले नव्हते, हसणं तेवढं कळलं होतं. ते पुढचं सगळं विसरले.

मध्यंतरात त्यांनी डबी सोडून तिच्या हातात दिली. "पोरी, आता माझा आवाज माइकलाही पुरत नाही. उद्यापासून दुसरा बघा, असं मॅनेजरला सांगून आलो."

"मामा, आवाज नाही गेला तुमचा. माझी अक्कल गेली. डब्या मी बदलल्या."

मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "माझ्यासाठी खोटं नको बोलूस. एकोणीस वर्षांत तुझ्या हातून नंबर चुकला नाही, तो आज चुकेल होय?"

तिने परत परत सांगितलं. ते नुसते मान हलवत राहिले. मामांना पटेल असं सांगू शकेल असा एकच माणूस होता, ज्याने पट्ट्या बदलल्या तो. डबीताई मेकअप रूमपाशी गेली आणि हिरोच्या दारावर टकटक केलं.