सॉ मिलमधल्या नलूमावशी

ऋतू उलटे असलेल्या दक्षिण गोलार्धात शिकायला आलो आणि टार्निट या उपनगरात खोली बघायला गेलो, तेव्हा नलूमावशी समोरच्या अर्धवट घराच्या लाकडी सांगाड्यात उभ्या होत्या. साडीवर जाड जॅकेट, पायांत बूट. एका खांबावरून तळहात फिरवत म्हणाल्या, "ओलं आहे अजून. यांची दारं अडकणार." मग माझ्याकडे बघून, "मिलिंदची खोली बघायला आलायस ना? चल."

मिलिंद त्यांचा मुलगा. त्याच्या घरात मी युनीतल्या शिक्षणाची दोन वर्षं काढली. मावशी मूळच्या साताऱ्याच्या. पण "आमच्याकडे आता बर्फ पडला असेल" असं म्हणायच्या तेव्हा त्यांचं 'आमच्याकडे' म्हणजे कॅनडा. तिथे सीमेजवळच्या एका गावात, सॉ मिलमध्ये, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीत, गाठी आणि चिरा बघून फळ्यांची प्रत ठरवायचं काम त्यांनी बावीस वर्षं केलं होतं.

सीमेपलीकडे अमेरिकेत, अर्ध्या तासावर, त्यांची मैत्रीण कॅरल राहायची. तिचा नवराही तिकडच्या सॉ मिलमध्ये. सुट्टीला दोघी एकमेकींकडे जायच्या, एकत्र जॅम करायच्या. मग अमेरिकेतल्या मिलवाल्यांनी तक्रार केली की कॅनडाचं लाकूड फार स्वस्तात येतं. तिकडच्या सरकारने त्यावर जकात बसवली आणि मावशींच्या मिलच्या ऑर्डरी आटल्या. मिल बंद झाली त्या आठवड्यात कॅरल फोनवर सहज बोलून गेली, की जकातीमुळे आमची नोकरी तरी वाचली. मावशींनी फोन ठेवला तो ठेवलाच. पुढे मावशींचे यजमान वारले आणि मिलिंदने त्यांना इकडे आणलं.

एकदा मी पार्टटाइम कामाच्या शिफ्टहून आल्यावर त्यांनी विचारलं, "इंटरनेटवर माणूस सापडतो का रे?"

कॅरलचा नंबर मिळायला चार दिवस लागले. सकाळी मी फोन लावून दिला. कॅरलने आवाज लगेच ओळखला. तिच्या नवऱ्याची मिलही नंतर बंद पडली होती. ते ऐकून मावशी इंग्रजीत हळूच म्हणाल्या, की मी इतकी वर्षं रागावायला नको होतं. शेवटी कॅरलने विचारलं, कधी येतेस. पुढच्या उन्हाळ्यात, मावशी म्हणाल्या.

डॉक्टरांनी त्यांना विमानप्रवासाला मनाई केली होती. फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, "कुठला उन्हाळा, तिचा की आपला, ते सांगितलंच नाही बघ."

पुढच्या जुलैत मावशी टार्निटमध्येच वारल्या. कॅरलला ते मीच फोन करून कळवलं. मग तिने विचारलं, तुमच्याकडे आता थंडी असेल ना? मी हो म्हणालो.

"इथे उन्हाळा आहे," ती म्हणाली.