अक्काच्या तोंडून

माझी थोरली जाऊ, आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो, ती आमच्या गावाचं हवामान खातं आहे. हे मी कौतुकानं सांगत नाही. मला तिचा हेवा वाटतो, आजही वाटतो, आणि का ते ऐकलंत तर तुम्हालाही वाटेल.

नायगावच्या शाळेत मी भूगोल शिकवते. ढग उंच कसे चढतात, गारा कशा बनतात, वीज आधी दिसते नि गडगडाट मागून का येतो, हे सगळं मी फळ्यावर आकृत्या काढून घसा फोडून सांगते. गावात कुणी एक दिवस मला विचारलं न्हाई, की बाई, आज आभाळाचं काय? विचारतात अक्काला. का, तर मोबाईलवर इशारा आला की ती तो स्वतःच्या आवाजात गावच्या ग्रुपवर टाकते. सरकारी मेसेज असतो, ‘विजांच्या कडकडाटासह मध्यम स्वरूपाचा पाऊस, सोसाट्याचा वारा’. अक्काच्या तोंडून तो असा येतो: “ऐका गं बायांनो, दुपारच्याला इजा कडाडणार हायेत. लेकरं घरात घ्या, अन् म्हसरं झाडाखाली बांधू नका.” बस्स, गाव हलतो. अहो, तोच मेसेज मलाही आलेला असतो! मी पुढं पाठवलेलाही असतो, वर ऑरेंज अलर्ट म्हणजे काय ते समजावून. त्यावर दोन अंगठे येतात. त्यातला एक अक्काचा.

गावाचं सोडा. माझा नवरा! लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, वहिनी म्हणेल ती पूर्व दिशा. मी जेवायला हाक मारली की ‘आलो, आलो’. तिनं मारली की हा ताटावर हजर. सासूबाई लवकर गेल्या, अक्कानंच याला वाढवलं, हे मला पाठ आहे. पाठ आहे म्हणून काय पोटात दुखायचं थांबतं?

गेल्या सोयाबीनच्या दिवसांत, एका रविवारी असाच विजेचा इशारा आला. आमच्याकडं इशाऱ्याची एक गंमत आहे. गंमत कसली, कपाळ! इशारा आला की माणसं घरात शिरत न्हाईत, रानात पळतात. कापलेलं सोयाबीन रानातच ढीग घालून ठेवलेलं असतं आणि ते भिजलं की कोंब फुटतात. म्हणून विजेपासून जपा हा मेसेज वाचून गडी ताडपत्री उचलतो आणि नेमका विजेखाली जाऊन उभा राहतो. माझाही निघाला. मी दारात आडवी झाले. “जाऊ नका. गडगडाट ऐकू येतोय म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोचू शकते.”

“तुझं पुस्तक ठेव तिकडं,” म्हणाला आणि गेला.

बघता बघता काळंकुट्ट दाटून आलं. वीज चमकली की मी आवाज येईपर्यंत आकडे मोजत होते. आकडे कमी कमी व्हायला लागले, म्हणजे ती जवळ येत होती. मी फोन लावला.

“कुठं आहात?”

“चिंचेखाली. झाकून झालंय, उघडलं की येतो.”

आमच्या रानातलं सगळ्यात उंच झाड ते! “निघा तिथून! बांधाला शेजाऱ्यांची पिकअप उभी आहे ना, तिच्यात बसा.”

“फोन ठेव गं, मोबाईलनं ओढून घेते इज,” असं म्हणून त्यानं कट केला. मोबाईल वीज ओढत नाही, हे मी त्याला किती वेळा सांगितलंय! पुन्हा पुन्हा लावला, उचलेचना.

मी परसात पळाले. अक्का दोरीवरचे कपडे काढत होती. तिच्याकडं कधी काही मागायची वेळ मी येऊ दिली नव्हती. “अक्का, त्यांना फोन लावा. मी सांगते तसं बोला.”

लावला की उचलला! आता न्हाई का मोबाईलनं वीज येत? वहिनीच्या मोबाईलला वीज भिते व्हय रे मेल्या? असा संताप आला की क्षणभर भीतीही विसरले. मी अक्काच्या कानाशी पुटपुटत होते, अक्का फोनवर ठणकावत होती. “भावजी, झाड सोडा. आत्ताच्या आत्ता. पिकअपमध्ये बसा, काचा वर घ्या, लोखंडाला हात लावू नका. आवाज थांबला तरी अर्धा तास उतरू नका.”

“हाव वयनी.” एवढंच.

मग तो कडाका झाला. आत मांडणीवरची भांडी वाजली. अक्कानं माझा हात घट्ट धरला, आणि मी धरू दिला. त्यानंतर फोन लागेना.

दिवस कलता कलता तो आला, चिखलानं माखलेला, तोंड पांढरंफटक. चिंचेची साल शेंड्यापासून बुडापर्यंत सोलून निघाली होती म्हणे. मी दारातच उभी होते. तो मला ओलांडून पुढं गेला आणि अक्काच्या पायाशी वाकला.

“वयनी, तुमी होता म्हणून वाचलो.”

माझा नवरा जिवंत समोर होता, आणि मी जळून खाक होत होते. दोन्ही एकदम. अक्का बिचारी कावरीबावरी झाली. “अवो, मी कुठली, हे तर सगळं हिनं...”

मी तिला चिमटा काढला. चांगला, डोळ्यांत पाणी येईल असा.

तो हातपाय धुवायला गेला तशी ती दंड चोळत माझ्याकडं वळली. “अगं, बोलू का दिलं न्हाईस? तुझेच शब्द होते की ते.”

“म्हणूनच नका सांगू,” मी म्हणाले. “माझे होते हे कळलं, तर पुढच्या वेळी तो झाड सोडायचा न्हाई.”