मान हलवली त्याची गोष्ट

डेटनची कचेरी बंद करून कंपनीनं व्हर्ना टॅकेटला हंट्सव्हिलला पाठवलं तेव्हा तिनं पन्नाशी ओलांडली होती. रडारचे सुटे भाग तपासण्यात तिचं आयुष्य गेलेलं. नवरा हार्लन शाळेची बस चालवायचा. ती नोकरी सोडून, ओहायोतलं घर विकून, कुरकुरत का होईना, तो तिच्यामागं अलाबामाला आला.

सामान उतरवताना पहिल्याच दिवशी त्याची पाठ धरली. हे कळल्यावर व्हर्नाचा नवा साहेब कर्टिस ओडम न बोलावता आला. कपाटं, पलंग, सगळं त्यानं आत नेऊन लावलं. संध्याकाळी त्याच्या बायकोनं, जोलीननं, भाजलेली कोंबडी आणि मक्याचा पाव पाठवला. परक्या गावात आपल्यासाठी एवढं कोण करतं, असं व्हर्नाला वाटलं.

तो आठवडा घर लावण्यातच गेला. कामावर हजर झाल्यावर हजेरी भरताना तिनं विचारलं, "कर्टिस, मागच्या आठवड्याचे तास कुठल्या खात्यावर टाकू?"

"रडारच्या कंत्राटावर."

"अरे, मी तर घरी भांडी लावत होते."

"बदलून आलेले सगळे तिथंच टाकतायत. कंपनीच्या वरखर्चाचं खातं आधीच फुगलंय, वरून रोज बोलणी खातोय मी. टाक आणि मोकळी हो."

कंत्राट सरकारी होतं. म्हणजे तिनं घरी भांडी लावली त्याचा पगार सरकारनं रडारचं काम समजून द्यायचा. तिला खटकलं. पण नुकतंच ज्यानं आपलं कपाट उचललं त्याच्याशी हुज्जत कशी घालायची? तिनं तास टाकले.

उन्हाळ्यात सरकारी लेखापरीक्षक आल्या, डेनिस कोवालिक नावाच्या. बदलून आलेल्यांना त्या एकेक करून बोलवू लागल्या. व्हर्नाची पाळी यायच्या आधी कर्टिसनं तिला कॉफीच्या यंत्रापाशी गाठलं.

"त्या आठवड्यात घरी बसून रडारच्या भागांचे नकाशे वाचत होते, असं सांग. मीही तेच सांगणार आहे."

नकाशे इमारतीबाहेर नेता येत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी व्हर्नानं होकारार्थी मान हलवली.

आत गेल्यावर कोवालिकबाईंनी शांतपणे विचारलं, "त्या आठवड्यात तुम्ही इमारतीत आल्याची नोंदच नाही. काय करत होता तुम्ही?"

ठरलेलं वाक्य व्हर्नाच्या तोंडातून काही केल्या निघेना. "घर लावत होते," ती म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुमच्या कंपनीत बदलीसाठी पगारी रजा आहे. ती वरखर्चात दाखवली असती, तर सरकारनं आपल्या वाट्याचा खर्च मान्य केला असता. इतकं साधं होतं."

व्हर्ना बाहेर आली. पुढचा नंबर कर्टिसचाच होता. त्यानं भुवया उंचावून विचारल्यासारखं केलं. कोवालिकबाई दारातच उभ्या होत्या. व्हर्नानं नजर खाली घातली. सगळं ठरल्याप्रमाणे झालं असं समजून तो आत गेला आणि नकाशांची गोष्ट सांगून बसला.

कंपनीनं सरकारला पैसे परत केले. व्हर्नाला आणि इतरांना ताकीद मिळाली. चुकीच्या खात्यासाठी कर्टिसही कदाचित ताकिदीवर सुटला असता. पण परीक्षकाशी खोटं बोलला म्हणून त्याला काढून टाकलं. जेवणाच्या सुट्टीत व्हर्नाच्या टेबलाशी कुणी बसेनासं झालं.

"खोटं बोलली असतीस तर तूही गेली असतीस," हार्लन म्हणाला.

"माहीत आहे मला."

"मग कशाला जीव जाळतेस?"



पानं गळायला लागली तेव्हा ती कर्टिसकडं गेली. तो घरापुढचा कठडा रंगवत होता. जोलीन दारात आली, तिला बघून आत वळली.

"मला यायला उशीर झाला," व्हर्ना म्हणाली.

"खरं बोललीस त्याचा राग नाही गं," कर्टिस वर न बघता म्हणाला. "पण त्या सकाळी मान का हलवलीस? नाही म्हणाली असतीस, तर मीही आत जाऊन खरं सांगितलं असतं. तुझ्या भरवशावर खोटं बोललो मी."

रंगाच्या डब्याशेजारी आणखी एक ब्रश पडला होता. तो उचलायला व्हर्ना वाकली.

"राहू दे," कर्टिस म्हणाला. "माझं मी करतो."

ती सरळ झाली आणि गाडीकडं वळली.